चार वेळा मेलेला सप्लाय

"काका, तुमचा हा सप्लाय इतकी वर्षं टिकला कसा?"

वर्षातून चार-पाच जण तरी मला हे विचारतात. बहुतेक इंजिनिअरिंगची पोरं असतात, हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स नुकतंच हातात पडलेली. शॅकमध्ये, म्हणजे माझ्या रेडिओच्या खोलीत, येतात, आधी रिगकडे, म्हणजे रेडिओ संचाकडे, बघतात, मग टेबलाखाली वाकतात आणि त्या करड्या पेटीशी अडतात. हीच पेटी म्हणजे सप्लाय, भिंतीतल्या विजेतून रिगला लागणारी वीज काढून देणारा. ती मी १९९६ साली पुण्यात बांधली. १३.८ व्होल्ट, २० अँपिअर. आतला ट्रान्सफॉर्मरच नऊ किलोचा. वाइंडिंगवाल्याने तो हातात देताना "जपून, पायावर पडला तर मला बोल लावू नका" असं बजावलं होतं.

तुम्ही विचारलंत म्हणून खरं ते सांगतो. सप्लाय टिकला नाही, चार वेळा मेला. १९९६ मधलं त्यात आज उरलंय काय, तर ट्रान्सफॉर्मर, पत्र्याची पेटी आणि पुढचा ॲमीटर. तोही अर्धा अँपिअर जास्तच दाखवतो.

पहिला मृत्यू १९९८ चा, आणि तो सर्वस्वी माझ्या शहाणपणाचा. सर्किट तेव्हा सगळेच बांधायचे तेच होतं: व्होल्टेज स्थिर धरणारा ७२३ हा रेग्युलेटर आयसी, पुढे एक ड्रायव्हर, आणि खरा भार उचलायला समांतर जोडलेले चार २एन३०५५. नकाशात प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या एमिटर या पायाला ०.१ ओहमचा, पाच वॉटचा रेझिस्टर दाखवला होता. मी चारही गाळले. दुकानदाराने ट्रान्झिस्टर एकाच खोक्यातून काढून दिले होते, म्हणजे ते सारखेच असणार, मग उगाच अर्धा व्होल्ट कशाला घालवा, असा माझा हिशेब.

ट्रान्झिस्टर तापला की त्याचं बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला साधारण दोन मिलिव्होल्टने उतरतं. ते उतरलं की तो शेजाऱ्यांपेक्षा जास्त करंट ओढतो, म्हणून आणखी तापतो, म्हणून आणखी ओढतो. एकत्र कुटुंबात जो उठून काम करतो त्यालाच पुढचं काम सांगितलं जातं आणि बाकीचे पेपर वाचत बसतात, तशातलीच गत. एमिटरचा रेझिस्टर ही वाटणी बरोबर करतो: जो जास्त ओढेल त्याच्या रेझिस्टरवर जास्त व्होल्टेज पडतं आणि तो आपोआप आवरता घेतो. माझ्या पेटीत आवरणारं कोणी नव्हतं. एका संध्याकाळी रेडिओ लहरींच्या चाळीस मीटर बँडवर बोलता बोलता आवाज बंद झाला आणि रिगमधून धूर आला.

धूर सप्लायमधून नाही, रिगमधून. हे मी पोरांना दोनदा सांगतो. लिनियर सप्लायचा (माझी पेटी याच जातीची) पास ट्रान्झिस्टर, म्हणजे भार उचलणारा, मरतो तेव्हा तो बहुतेकदा कलेक्टर ते एमिटर शॉर्ट होतो. मग ब्रिजनंतरचे (ब्रिज म्हणजे एसीचा डीसी करणारी डायोडची चौकडी) २४-२५ व्होल्ट थेट पुढे जातात. रिगवर लिहिलेलं असतं १३.८ अधिक-उणे १५ टक्के, म्हणजे जेमतेम १५.९ पर्यंत. त्यातून रिग माझा नव्हता, मित्राने आठवड्यासाठी दिलेला. ऑडिओ आयसी आणि फायनल ट्रान्झिस्टरची जोडी गेली. भरपाईत माझे तीन पगार गेले. मित्र राहिला, पण त्याने पुन्हा कधी रिग उसना दिला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही दिला नसता.

त्या दिवसापासून मी सप्लायकडे पाहायची रीत बदलली. तो मरणार हे धरूनच चाललो. मरताना त्याने रिगला सोबत नेऊ नये, एवढंच बघायचं ठरवलं. यासाठी जे सर्किट लागतं त्याला इंग्रजीत क्रोबार म्हणतात, म्हणजे आपली पहार. नाव अगदी नेमकं आहे. आउटपुटचं व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं की आडवी पहार टाकून सगळं शॉर्ट करायचं. एक दणकट एससीआर, म्हणजे इशारा मिळताच वाट मोकळी करणारा स्विच, त्याच्या गेटला, म्हणजे इशाऱ्याच्या पायाला, १५ व्होल्टचा झेनर (ठरलेल्या व्होल्टेजनंतरच वाहणारा डायोड), आणि ब्रिजनंतर वीज साठवणारे कंडेन्सर व ट्रान्झिस्टर यांच्या मध्ये फ्यूज. व्होल्टेज १५.७-१५.८ ला पोचलं की एससीआर चालू होतो, फ्यूज उडतो, रिग वाचतो. सामान तेव्हा दोनशे रुपयांच्या आत. बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात वीस मीटर बँडवर प्रक्षेपणाची की दाबताच पहार उगाचच पडायला लागली, कारण माझ्याच रिगच्या रेडिओ लहरी (आरएफ) गेटच्या तारेत शिरत होत्या. गेट ते कॅथोड १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक टाकला, गेटची तार बोटभर केली, खोड थांबली.

आता यातली गोम. पहार बसवणारे पुष्कळ असतात, ती पडते का हे तपासणारे मला आजवर दोघंच भेटलेत. पंधरा वर्षं निमूट पडून राहिलेला झेनर ऐन वेळी जागा होईल, हे कशावरून? माझ्याकडे त्यासाठी दिवस ठरलेला आहे: खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारं पुजायची असतातच. रिग बाजूला ठेवतो, पहारीची तार मुख्य सप्लायपासून सोडवतो, तिला छोट्या व्हेरिएबल सप्लायमधून, मध्ये मोटरसायकलचा १२ व्होल्टचा बल्ब घालून, वीज देतो आणि बटण हळूहळू फिरवतो. १५.८ च्या आसपास बल्ब भक्कन पेटला पाहिजे. पेटला की झेंडूचं फूल.

पुढे घर कोकणात आलं, रत्नागिरीपासून फार लांब नाही. पुण्यात मी विजेकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. इथे आल्यावर सप्लायच्या तब्येतीतला निम्मा भाग भिंतीतल्या सॉकेटमध्ये असतो हे कळलं. संध्याकाळी व्होल्टेज १९० वर यायचं आणि बँडवरचे लोक म्हणायचे, "तुमच्या आवाजामागे भुंगा फिरतोय." हिशेब मांडा. २३० ला १८ व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर १९० ला १५ च देतो. त्याचं शिखर २१, ब्रिजने दोन खाल्ले, उरले १९. चाळीस हजार मायक्रोफॅरडवर २० अँपिअर ओढले की दोन शिखरांच्या मध्ये ते आणखी चार व्होल्ट खाली येतात, म्हणजे तळ १५. रेग्युलेटरला १३.८ च्या वर किमान तीन व्होल्ट लागतात. ते नाहीत, म्हणून सेकंदाला शंभर वेळा रेग्युलेशन सुटतं, आणि तोच भुंगा.

यावर मी एक हुशारी केली होती. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला, म्हणजे २३० च्या बाजूच्या गुंडाळीला, २०० व्होल्टचा जादा टॅप काढून घेतला आणि पुढे रोटरी स्विच लावला. संध्याकाळी स्विच २०० वर. रात्री पंप बंद झाले की लाइन २४५ वर जायची आणि स्विच तिथेच विसरलेला. ट्रान्झिस्टरवर जवळपास दुप्पट उष्णता. दोनदा हीटसिंकवर बोट भाजल्यावर स्विच काढून फेकला. जे बटण माझ्या स्मरणशक्तीवर चालतं ते सप्लायवर नको. आता लाइन १९५ च्या खाली गेली की रिगची पॉवर पन्नास वॉटवर आणतो. करंट उतरला की रिपलही, म्हणजे दोन शिखरांमधली ती घसरणही, उतरते. पलीकडच्या माणसाला अर्ध्या पॉवरने सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरवर अर्ध्या घराचाच फरक दिसतो, त्याला तर ते कळतही नाही.

दुसरा मृत्यू मात्र उलट बाजूने आला. २०१० च्या जूनमधला पहिला मोठा वारा, कुठेतरी फांदी पडली आणि न्यूट्रल तुटला. न्यूट्रल गेला की घरात २३० राहत नाहीत. शेजाऱ्यांच्या लोडप्रमाणे काहीही येतं, पार ४०० च्या घरापर्यंत. सप्लायचे ३५ व्होल्टचे कंडेन्सर एकामागून एक फुटले. आवाज सुतळी बॉम्बसारखा, आणि वास आठवडाभर. फ्यूज उडाला, पण कंडेन्सर फुटल्यावर. आमचा फ्रिज आणि शेजारच्यांचा टीव्हीही त्याच रात्री गेला, त्यामुळे घरात निदान मला एकट्याला बोलणी बसली नाहीत.

तेव्हापासून लाइनच्या वाटेवर २७० च्या वर तोडणारा कट-ऑफ रिले आहे, आणि फ्यूजच्या नंतर २७५ व्होल्टचा एमओव्ही, म्हणजे जादा व्होल्टेज स्वतःत जिरवणारा भाग. नंतर, आधी नाही. एमओव्ही मरतो तोही शॉर्ट होऊन; फ्यूजच्या अलीकडे असेल तर तो पेटतो आणि त्याला थांबवणारं काही नसतं. कंडेन्सर बदलताना ५० व्होल्टचे, १०५ अंशांचे घेतले आणि हीटसिंकपासून लांब, पेटीच्या गार कोपऱ्यात नेले. आधी ते हीटसिंकला चिकटून होते, का तर तारा आखूड पडत होत्या. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर दहा अंश गार ठेवला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. याहून स्वस्त सुधारणा मला माहीत नाही.

तिसऱ्या वेळी दोष एफटी८ चा म्हणता येईल. २०१७ मध्ये संगणकाने छोटे संदेश पाठवायची ही पद्धत आली आणि वर्षभरात मीही तिच्या नादी लागलो. एसएसबीवर, म्हणजे आवाजाच्या पद्धतीत, माणूस बोलतो, थांबतो, श्वास घेतो. सप्लायला सरासरी भार थोडाच पडतो. एफटी८ मध्ये पंधरा सेकंदांच्या पाळीतले १२.६ सेकंद अखंड प्रक्षेपण. वीस वर्षं जो सप्लाय गप्पा मारत जगला त्याला एकदम गिरणीत जुंपल्यासारखं झालं. मी ट्रान्झिस्टरवर डोळा ठेवून होतो: आता सहा होते, रेझिस्टर होते, पंखा होता. गेला तो ब्रिज. २० अँपिअरला ब्रिज स्वतःच चाळीसेक वॉट तापतो, आणि मी त्याला नुसता पेटीच्या पत्र्यावर आवळला होता. तोही कदाचित निभला असता, पण खरा चोर होता ब्रिजवर दाबून बसवलेली क्लिप. कंडेन्सर झटक्याझटक्याने चार्ज होतो, त्यामुळे बाहेर २० अँपिअर जात असताना ट्रान्सफॉर्मर-ब्रिजच्या तारेत आरएमएस करंट तीसच्या वर असतो. कोकणातल्या खाऱ्या हवेने क्लिप कळकलेली होती. वीस मिलिओहमचा सांधा धरा, तीस अँपिअरला अठरा वॉट त्या नखाएवढ्या पत्र्यात. निळं प्लॅस्टिक वितळून काळं झालं होतं.

मला विचाराल तर सप्लाय मारणाऱ्यांत सांधे पहिल्या नंबरवर आहेत. पार्ट कुठले घेतले, याची चर्चा लोक तासन्‌तास करतात. स्क्रू आवळलेला आहे का, हे कोणी बघत नाही. आता माझ्याकडे मोठ्या करंटचा प्रत्येक सांधा स्क्रूचा किंवा सोल्डरचा आहे, आणि खंडेनवमीला २० अँपिअर डमी लोडवर, म्हणजे रिगऐवजी जोडलेल्या नुसत्या रेझिस्टरवर, चालवून प्रत्येक सांध्यावर मिलिव्होल्ट मोजतो. पन्नासच्या वर दिसले तर उघडायचा, घासायचा, आवळायचा. ब्रिजला स्वतंत्र हीटसिंक, आणि मुख्य हीटसिंकवर ८० अंशांना उघडणारा थर्मल स्विच, जो ७२३ लाच झोपवतो.

चौथा मृत्यू पालीचा. तिचाही आणि सप्लायचाही. पंख्याच्या भोकातून शिरली आणि २३० च्या टर्मिनलवर आडवी झाली. पंख्याला जाळी बसवली, टर्मिनलांना स्लीव्ह घातली. जाळीवर धूळ साचते, ती दर महिन्याला ब्रशने झाडायची. यापुढे त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

"मग एसएमपीएस का नाही घेत, काका?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. एसएमपीएस म्हणजे स्विचिंगने चालणारा सप्लाय. माझ्याकडे एक आहे, फिल्डवर जाताना तोच नेतो. १९० व्होल्टला तो हूं की चूं करत नाही, आणि त्याचा स्विचिंग ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर पुढे शून्य व्होल्ट येतात, पंचवीस नाही. या बाबतीत तो माझ्या पेटीपेक्षा सभ्य आहे, हे कबूल. पण न्यूट्रल तुटला तर त्याच्या आतल्या कंडेन्सरवर साडेपाचशे व्होल्ट येतात, आणि ते असतात चारशे-साडेचारशेचे. शिवाय चाळीस मीटरवर रात्री दूरचं बारीक स्टेशन ऐकताना त्याची सळसळ मला खपत नाही. तुम्हाला खपत असेल तर खुशाल घ्या. फक्त त्याच्या पुढेही पहार टाका.

कंडेन्सरांवर मी मार्करने तारीख लिहून ठेवली आहे: जुलै २०१०. या खंडेनवमीला ते बदलायचे आहेत. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाणारं कोणी असेल तर सांगा, मला सहा हवेत, दहा हजार मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट, १०५ अंशांचे. हातात वजन करून घ्या, हलके लागले तर परत ठेवा.