हिवरे बाजारला जाताय? जनगणनेचा तक्ता सोबत घ्या

नगरहून (कागदोपत्री आता अहिल्यानगर) कल्याण रस्त्याला लागलं की पाणी अडवण्याच्या कामासाठी नावाजलेलं हिवरे बाजार हे गाव फार लांब नाही. बहुतेक जण तिथे समतल चर (डोंगरउतारावर पाणी अडवायला खणलेले आडवे चर), बंधारे आणि डोंगरावरचं गवत बघायला जातात. मला मात्र तिथल्या माणसांचा हिशोब समजून घ्यायचा होता.

२०११ च्या जनगणनेनुसार गाव सव्वा हजाराच्या आतबाहेर. आकडा बघून काहीच कळत नाही, कारण त्यात दोन उलट्या गोष्टी मिसळल्यात. १९७२ च्या दुष्काळानंतर इथली माणसं पोटासाठी पांगली. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, गाव आदर्श गाव योजनेत आलं आणि कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान अशी पंचसूत्री ठरली. म्हणजे एकीकडे पाळणा आवरायचा आणि दुसरीकडे, विहिरींना पाणी लागलं तशी गेलेली कुटुंबं परतायला लागली. १९९५ मध्ये १६८ कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती. पुढे ती बोटांवर मोजण्याइतकी उरली. लोकसंख्येच्या रकान्यात यातलं काही दिसत नाही. मुसलमान कुटुंब तर एकच, पण त्याच्यासाठी गावाने मशीद बांधली.

गावठाणात फिरून परत येऊ नका. दुपारी तिथे शुकशुकाट असतो, माणसं रानात. संध्याकाळी दूध घालायच्या वेळेला डेअरीपाशी थांबा. किटली घेऊन कोण येतं, म्हातारे किती, तरणी पोरं किती, हे तिथे उभ्या उभ्या दिसतं. मी दाराशी टेकलेल्या एका आजोबांना विचारलं, "घरात माणसं किती?" ते म्हणाले, "खाणारी का कागदावरची?" जनगणनेला घरोघर येणाऱ्या प्रगणकालाही हाच प्रश्न पडत असणार!

कारण २०११ ची गणती ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, ऐन ऊसतोडीच्या हंगामात. त्या सगळ्या दिवसांत जो गावाबाहेर होता, तो जिथे सापडला तिथे मोजला गेला. म्हणून कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्या गावांचे आकडे हिवरे बाजारशेजारी ठेवताना जपून.

दुसरा सापळा मुलामुलींच्या प्रमाणाचा. ० ते ६ वयोगटात राज्याचं प्रमाण हजार मुलग्यांमागे ८९४ मुली असं होतं. पण लहान गावात समजा ७० मुलगे आणि ६० मुली असल्या तर ८५७ येतं. पाचच मुली वाढल्या की ९२९. तेवढ्यावर गावाला शाबासकी देऊ नका आणि दोषही देऊ नका. रकान्यातले मूळ आकडे बघा.

तक्त्यातला 'मुख्य कामगार' म्हणजे वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलेला. बायकांचं गोठ्यातलं काम त्यात कितपत उतरतं, ते त्यांनाच विचारा, आणि शक्यतो घरातले पुरुष जवळ नसताना.

जायच्या आधी ग्रामपंचायतीला कळवा, ग्रामसभेचा दिवस साधला तर उत्तम. जिल्हा जनगणना पुस्तिकेतलं गावाचं पान छापून न्या, तिथे रेंजच्या भरवशावर राहू नका. मुक्काम नगरला करा. परतीची एसटी किती वाजता, ते उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा. आणि २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे हातातला तक्ता जुना आहे. त्यातली सहा वर्षांची पोरं आता मतदार आहेत.