कोल्हापूर ते नेपल्स: कोंदुर्रो घराण्याचे दोन पिझ्झे

कोल्हापूरकरानं इटलीत पहिला मुक्काम फ्लोरेन्सला करावा. काशिने बागेच्या टोकाला, आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमापाशी, आपल्या छत्रपती राजाराम महाराजांची छत्री आहे. इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी, विशीतच महाराज इथं वारले. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कसबा बावडा रस्त्यावरचा आपला नवा राजवाडाही त्यांनीच आखलेला. छत्रीसमोर हात जोडून मी नेपल्सची वेगवान गाडी धरली. प्रवास साधारण तीन तासांचा.

त्याच १८७० साली नेपल्समध्ये साल्वातोरे कोंदुर्रोपासून एका घराण्याचा पिझ्झ्याचा धंदा सुरू झाला. त्यांचा मुलगा मिकेले नेपल्सजवळच्या तोरे अन्नुन्झियाता गावच्या उस्तादांकडे हात बसवून आला आणि १९०६ मध्ये त्यानं स्वतःचं दुकान थाटलं. ती जागा इस्पितळाच्या बांधकामात गेली, म्हणून १९३० मध्ये दुकान व्हिया चेझारे सेर्साले या गल्लीत आलं. ‘दा मिकेले’ आजही तिथंच आहे, स्टेशनपासून चालत पंधराएक मिनिटांवर. दाराशी नंबराची चिठ्ठी घ्यायची आणि बाहेर थांबायचं. आपला आकडा इटालियनमध्ये कसा म्हणतात ते आधी पाहून ठेवावं.

पिढ्यान्‌पिढ्या इथले मुख्य पदार्थ दोनच. मार्गेरितावर टोमॅटो, चीज, तुळशीच्या जातीची बेझिलची पानं. मारिनारावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. मारिनारात ना मासा, ना चीज. पहिल्यांदा जाणाऱ्यानं तोच घ्यावा, कारण चीज नसल्यावर कणकेतली खोट झाकायला काही उरत नाही. मार्गेरितावरचं चीज म्हशीच्या दुधाचं असेल असं आपल्याला वाटतं, पण इथं आजेरोला गावचं गाईच्या दुधाचं चीज, फियोर दि लात्ते, वापरतात. म्हशीचं मोझरेल्ला जास्त पाणी सोडतं आणि पिझ्झ्याचा मधला भाग लिबलिबीत होतो.

नेपल्सच्या रीतीनं पीठ, पाणी, मीठ, यीस्ट एवढंच. कणकेत तेल नाही, साखर नाही. घरच्या चार पिझ्झ्यांसाठी ४०० मिली पाणी, ६७० ग्रॅम मैदा, २० ग्रॅम मीठ, १ ग्रॅम ताजं यीस्ट. सुकं असेल तर त्याच्या तिसरा हिस्सा. मीठ आधी पाण्यात विरघळवून घ्यावं. मळल्यावर कणीक फुगायला २५ अंशाला आठेक तास लागतात. कोल्हापुरात एप्रिलमध्ये एवढा वेळ ठेवलं तर कणीक आंबट होऊन बसते आणि थापताना भोकं पडतात. तेव्हा पाणी फ्रीजचं घ्यावं आणि यीस्ट निम्मं करावं. लाटणं मात्र लावू नये. काठातली हवा निघाली की काठ फुगत नाही.

तिथल्या लाकडाच्या भट्टीत ४३० ते ४८० अंशांवर पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत होतो. घरचा ओव्हन २५० अंशांपाशी थांबतो. पिझ्झा त्यात जास्त वेळ राहतो आणि खारीसारखा वाळतो. त्यावर इलाज म्हणजे जाड लोखंडी तवा ओव्हनमध्ये पाऊण तास तापवून पिझ्झा त्यावरच सोडणं.

राहिला प्रश्न चीजचा. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर पिळून देतात, तेव्हा दूध आपल्याकडे अव्वलच. पण ते घरी उकळून घेतलं की रेनेटनं, म्हणजे चीजसाठी दूध जमवणाऱ्या विकरानं, दही नीट जमत नाही आणि चीजला ताण येत नाही. धारोष्ण दूध ६३ अंशांवर अर्धा तास राखून गार करावं, मग विरजण आणि रेनेट. जमलेल्या चकत्यातला तुकडा ८५ अंशांच्या पाण्यात बुडवून ओढावा. तुटला तर आंबटपणा अजून कमी आहे, अर्ध्या तासानं पुन्हा बघायचं. दोरीसारखा लांबला की गोळे वळावेत. पिझ्झ्यावर घालण्याआधी त्यांचे तुकडे करून दोन तास चाळणीत निथळायला ठेवावेत.