टोपीला भोक

काल दुपारी कपाटाची किल्ली शोधताना जुन्या किल्ल्यांचा एक जुडगा हाती आला आणि त्यात किल्ल्यांच्याच ऐटीत लटकणारा, मोठ्या काकांचा, सिगारच्या टोकाला भोक पाडायचा पितळी पंच कटर दिसला. बंदुकीच्या गोळीएवढ्या त्या नळकांड्याचे झाकण फिरवून काढले, की आतून 8 मिलिमीटर व्यासाचे गोल पाते डोकावते. पात्याच्या पोटात तंबाखूच्या पानाची एक चकती अजून अडकलेली होती, वाळून शेंगदाण्याच्या सालीसारखी झालेली.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या वाड्यात आजोबा चिरूट ओढीत. चिरूट हा शब्द तमिळमधला, मूळ अर्थ गुंडाळी. ती गुंडाळी दोन्ही टोकांना उघडी असल्यामुळे आजोबांना काडेपेटीशिवाय कशाची गरज पडत नसे. काकांचे दुबईचे जावई मात्र सिगार पाठवू लागले आणि घरात कापाकापीचा प्रश्न आला, कारण सिगारच्या तोंडाकडच्या टोकावर पानाचीच एक टोपी चिकटवलेली असते. दुपाती कटरला काका अडकित्ता म्हणत आणि तो त्यांना मुळीच मान्य नव्हता. तो टोपीच्या रेघेखाली जरा घसरला, की वरचे पान सुटून सगळ्या सिगारचे धोतर होते, असे त्यांचे म्हणणे. पंच मात्र टोपीच्या मधोमध टेकवायचा, किंचित दाबायचा आणि जुन्या कुलपात किल्ली फिरवावी तसा डावीउजवीकडे हलके हलके फिरवायचा; पान आधी अडते, मग एकाएकी मऊ पडते, आणि तो क्षण बोटांना कळतो. निमुळत्या नाकाच्या सिगारपुढे मात्र पंचाची मात्रा चालत नाही आणि लहान भोकातून ओढताना शेवटी शेवटी कडू चिकटा जिभेवर येतो. या दोन्ही गोष्टी काका कधी मनावर घेत नसत.

सिगारची जाडीही गेजमध्येच मोजतात, हे ऐकून मी लहानपणी थक्क झालो होतो. 50 गेजचा सिगार म्हणजे इंचाचे 64 भाग करून त्यांतले 50, अर्थात सुमारे 20 मिलिमीटर जाड. मला तोवर एकच गेज ठाऊक होता, ग्वाल्हेरहून श्योपुरला जाणाऱ्या आमच्या छोट्या गाडीच्या रुळांमधला, 2 फुटांचा. त्या गाडीत तपासनीस पुठ्ठ्याच्या तिकिटाला चिमट्याने टिचकन भोक पाडी आणि खाली पडलेले इवलेसे तुकडे मी खिशात भरून घरी आणी. आईने ते किती वेळा कचऱ्यात टाकले, याला गणती नाही.

जयविलास महालात भोजनाच्या टेबलावर धावणारी चांदीची आगगाडी पाहायला काकांनीच मला नेले होते. जेवण झाले, की ती गाडी ब्रँडी आणि सिगार घेऊन पाहुण्यांपुढून फिरत असे आणि कोणी सुरई उचलली, की आपोआप थांबत असे. एकेका डब्यावर शिंद्यांच्या नावाचे एकेक इंग्रजी अक्षर होते. लोक चांदीकडे पाहत होते. काका मात्र प्रत्येक डब्यात वाकून बघत होते. अखेर त्यांनी तिथल्या रखवालदाराला विचारले, ‘‘सिगार आले ते ठीक, पण कटर कुठल्या डब्यात असे?’’ रखवालदाराला प्रश्नच कळला नाही. पाहुण्यांनी काय दातांनी टोप्या तोडल्या असतील, या विवंचनेत काका घरापर्यंत गप्प होते.

पात्यातली ही चकती त्यांच्या शेवटच्या सिगारची. डॉक्टरांनी धूर बंद केल्यानंतरच्या दिवाळीत त्यांनी एक सिगार मागून घेतला, थरथरत्या बोटांनी पंच फिरवला, न पेटवताच एक कोरडा झुरका ओढून पाहिला, ‘‘भोक नीट पडलंय,’’ एवढेच म्हणाले आणि सिगार परत डब्यात ठेवून दिला.