जंतू गेला की नाही, हे रक्त सांगत नाही

गेल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस नागपूरच्या धंतोलीत माझी एंडोस्कोपी (दुर्बिणीने जठराची तपासणी) झाली आणि जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडला. उपचार १४ दिवसांचे होते: क्लॅरिथ्रोमायसिन, अमॉक्सिसिलिन ही दोन प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारी गोळी, तिन्ही दिवसातून दोनदा.

चौथ्या दिवसापासून तोंड सतत कडू राहू लागले आणि जुलाब सुरू झाले. ही प्रतिजैविके जठरापुरती थांबत नाहीत. आतड्यात तंतुमय अन्न आंबवणारे उपयुक्त जिवाणूही त्यांच्या तडाख्यात सापडतात आणि शौचाची सवय बिघडते, एवढे आधी कोणी सांगितले असते तर मी इतकी घाबरले नसते. नागपूरच्या मे महिन्यात जुलाब अंगावर काढणे धोक्याचे, म्हणून ओआरएसचे पाणी दिवसभर जवळ ठेवले. डॉक्टरांनी सॅकरोमायसिस बुलार्डीची पुडीही दिली. ती जिवाणू नसून यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी असल्यामुळे प्रतिजैविकाने मरत नाही. गोळी मात्र एकही चुकवली नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो.

खरा मनस्ताप नंतर झाला. औषधे संपल्यावर किमान चार आठवड्यांनी शौचाच्या नमुन्याची अँटिजेन चाचणी (जंतूचेच अंश शोधणारी) करायची होती आणि चिठ्ठीवर तसे स्पष्ट लिहिलेले होते. जूनमध्ये ज्या प्रयोगशाळेत गेले, तेथील खिडकीवरील कर्मचाऱ्याने चिठ्ठी नीट न वाचताच, “मॅडम, या जंतूची तपासणी रक्तावरच होते,” असे सांगून रक्त काढून घेतले. संध्याकाळी अहवाल पॉझिटिव्ह आला. डॉक्टर आठ दिवस बाहेरगावी होते आणि त्या आठ दिवसांत तेच १४ दिवस पुन्हा काढावे लागणार या विचाराने माझी झोप उडाली, कारण जुलाब थांबून आता उलट बद्धकोष्ठता सुरू झाली होती आणि आतडे अजून सावरलेले नव्हते. यजमानांनी तर त्याच गोळ्या आणण्याची तयारी केली होती.

डॉक्टरांनी परतल्यावर एका वाक्यात उलगडा केला: रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे जंतूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रथिने, जंतू मेल्यानंतरही अनेक महिने टिकतात, त्यामुळे या अहवालावरून उपचार फसले असे म्हणता येत नाही. प्रयोगशाळेत विचारायला गेले तेव्हा पैसे परत मिळाले नाहीत आणि चूकही मान्य झाली नाही. त्यातच काळजीने जळजळ वाढल्यामुळे मी आम्ल कमी करणारी गोळी पुन्हा सुरू केली होती; ती दोन आठवडे बंद ठेवल्याशिवाय चाचणी करू नये, अन्यथा जंतू असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून पुन्हा थांबणे आले. तेव्हा चिठ्ठीवर ‘स्टूल अँटिजेन’ असे लिहिले असल्यास खिडकीवर ते शब्द मोठ्याने वाचून दाखवावेत आणि पावतीवर तेच छापले आहे का हे पैसे देण्यापूर्वी पाहावे.

जुलैमध्ये दुसरीकडे केलेल्या चाचणीचा अहवाल निगेटिव्ह आला, तेव्हा मला रडू कोसळले.

एक महत्त्वाची गोष्ट वर राहून गेली: जुलाबात रक्त दिसले किंवा ताप आला तर तो औषधाचा नेहमीचा परिणाम समजून घरी थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. मला तसे काही झाले नाही. डाळी, ज्वारीची भाकरी आणि भाज्या थोड्या थोड्या वाढवत गेले आणि ऑगस्टच्या मध्यावर पोट पूर्वीसारखे रोज सकाळी साफ होऊ लागले.