झाडरेषेवरचा म्यूल डिअर: सॅन हुआन डोंगरातली टेहळणी, जून ते सप्टेंबर

टॅग, म्हणजे एक म्यूल डिअर (मोठ्या कानांचं उत्तर अमेरिकेतलं हरीण) मारायचा परवाना, धनुष्यबाणाचा आहे, २ ते ३० सप्टेंबर, नर. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत १९९९पासून हरणाचे परवाने मर्यादित आहेत आणि सोडतीनेच मिळतात. अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला जातो, निकाल जूनच्या आसपास कळतो. मग टेहळणीला तीन महिनेसुद्धा धड उरत नाहीत, कारण त्यातला एक बर्फातच जातो. खाली पाच खोऱ्यांच्या नोंदी आहेत, नावं फक्त अ, ब, क, ड, इ. खरी नावं का नाहीत, ते या छंदातल्यांना सांगायला नको. सगळी खोरी झाडरेषेच्या (जिच्या वर झाडं वाढत नाहीत त्या उंचीच्या) आसपास किंवा वर, ३,४०० ते ३,८०० मीटर उंचीवर आहेत.

सह्याद्रीत पाय झिजवलेल्यांना एक सोय आहे. सोंड, नाळ, घळ, खिंड, पदर हे शब्द इथल्या डोंगरालाही जसेच्या तसे बसतात, म्हणून तेच वापरले आहेत. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद आहे, पण वाऱ्याबद्दल खाली जे आहे ते कॅमेरा घेऊन सांबर बघणाऱ्यालाही तेवढंच उपयोगी पडेल.

जून: नकाशा

खिंडी बंद, म्हणून काम टेबलावर. १:२४,०००चा टोपो नकाशा घेतला की पहिली फसगत समोच्च रेषांची. त्या ४० फुटांच्या, म्हणजे साधारण १२ मीटरच्या अंतराने असतात. दहा मीटरचा उभा कडा दोन रेषांच्या मधे मावतो आणि कागदावर सलग उतार दिसतो. नराला नेमकी अशाच बुटक्या कड्याच्या पायथ्याची जागा आवडते, आणि वरून उतरणारा त्याच कड्याच्या माथ्यावर अडकून बसतो. उपाय सोपा आहे: तिरप्या उन्हात घेतलेलं उपग्रहचित्र उघडा आणि उतारावर आडव्या, काळ्या, बारीक सावल्या शोधा. जिथे सावली तिथे कडा. पाचही खोऱ्यांतल्या अशा पट्ट्या लाल रेघेने नकाशावर उतरवल्या आहेत.

खोरं निवडताना चारा, दुपारची सावली आणि पळवाट एकमेकांपासून तीन-चारशे मीटरच्या आत आहेत का, एवढंच पाहिलं. पाण्याला गुण दिले नाहीत. एवढ्या उंचीवर झरे, वितळता बर्फ आणि ओली पानं सगळीकडे असतात, त्यामुळे पाणवठ्यावर दबा धरणं हा वेळेचा अपव्यय. खाली जुनिपरच्या कोरड्या टापूत गोष्ट वेगळी.

चाऱ्याचं मात्र नीट समजून घ्यावं लागतं. म्यूल डिअर गाईसारखा गवत ओरबाडत नाही. त्याचं जठर शरीराच्या मानाने लहान असतं, म्हणून तो कमी पण कसदार खातो: उन्हाळ्यात रुंद पानांच्या कोवळ्या वनस्पती, पुढे झुडपांचे शेंडे. बर्फाची कड जसजशी मागे सरकते तसतशी तिच्या मागे ताजी पालवी फुटते. त्यामुळे उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या खळग्यांत, जिथे बर्फ सगळ्यात उशिरा वितळतो, तिथे ऑगस्टमध्येही जूनसारखं कोवळं मिळतं. जूनअखेरच्या चित्रात बर्फाचे जे ठिपके शिल्लक दिसतात ते ऑगस्टचे चरण्याचे पट्टे समजायचे.

ब याच टप्प्यावर बाद झालं. तिथे जुलैच्या मध्यापासून मेंढ्यांचा कळप चढतो, राखणीचे कुत्रे बरोबर. कोणत्या खोऱ्यात कोणत्या आठवड्यांत चराई आहे हे वनखात्याच्या स्थानिक कचेरीत विचारलं तर सांगतात. फार थोडे लोक विचारतात.

जुलै: पहिली दुर्बीण

या महिन्यात नर शोधणं इतकं सोपं असतं की त्याचीच भीती वाटावी. शिंगांवर मखमल (वाढत्या शिंगावरची केसाळ कातडी) असते, शिंगं कोवळी आणि रक्ताने भरलेली, म्हणून नर दाट झाडीत शिरायचं टाळतात आणि उघड्यावर टोळीने चरतात. उन्हाळी अंग तांबूस असतं, हिरव्या उतारावर दोन किलोमीटरवरून उठून दिसतं. तोच नर सप्टेंबरात राखाडी होतो आणि दगडांत दिसेनासा होतो.

बसायची जागा खोऱ्याच्या समोरच्या धारेवर, एक ते दीड किलोमीटर दूर, सकाळी सूर्य पाठीशी येईल अशी. धारेच्या माथ्यावर नाही, माथ्याच्या पाच-सात मीटर खाली. आकाशावर माणसाची रेघ उमटली की खोऱ्यातले सगळे कान एकदम वळतात. सूर्योदयाच्या पाऊण तास आधी बूड टेकलेलं हवं.

पहिली दहा मिनिटं १०×४२ दुर्बीण (दहा पट, ४२ मिलिमीटरचं भिंग) हातात घेऊन मोकळे पट्टे चाळायचे. मग १५×५६ तिपाईवर. तिपाईशिवाय १५ पट म्हणजे डोळ्यांचा छळ. खोऱ्याचे आडवे पट्टे पाडायचे, दर वेळी दृश्य अर्धंच सरकवायचं, आणि हात काढून पाच-सहा सेकंद नुसतं बघायचं. हलत्या दुर्बिणीत हलणारा कान दिसत नाही. शोध अख्ख्या हरणाचा नसतो. उभ्या खोडांमध्ये पाठीची आडवी रेघ, पांढरट पुठ्ठा, काळ्या टोकाची शेपटी, शिंगाचं चमकणारं टोक, एवढंच मिळतं. मोठ्या खोऱ्याला सुमारे चाळीस मिनिटं लागतात, आणि मग पहिल्या पट्ट्यापासून पुन्हा, कारण तोवर झुडपामागचा एखादा उठून वळलेला असतो.

स्पॉटिंग स्कोपने (एका डोळ्याच्या, जास्त पटीच्या दुर्बिणीने) शोधायला बसणं ही नवख्यांची नेहमीची चूक. त्याचं दृश्य अरुंद. तो सापडलेल्या जनावराची पारख करायला. शिवाय ६५ मिलिमीटरचा स्कोप ६० पटीवर नेला की डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा झोत जेमतेम १.१ मिलिमीटर उरतो, पहाटे नुसता काळोख. २५ ते ३० पटीवर ठेवा. नऊ-साडेनऊनंतर तापलेल्या दगडांवरची हवा थरथरायला लागते, तेव्हा पट वाढवून उपयोग नाही, कमी करून आहे.

पारख करताना शिंगांच्या आधी अंग बघावं. पोक्त नराची छाती खोल, पोट किंचित लोंबतं, मान आखूड भासते, चेहरा फिकट. शिंगांच्या रुंदीला माप कानांचं: सावध उभ्या नराच्या एका कानाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत ५० ते ५५ सेंटीमीटर. मात्र मखमलीत शिंग जाड दिसतं. जुलैत थोरला वाटलेला सप्टेंबरात मधला निघतो.

नोंद: अ मध्ये माद्या आणि पाडसं, नर नाही. हे अपेक्षितच होतं. पाडसं जूनमध्ये होतात आणि माद्या त्यांना घेऊन आडोशाच्या, पाण्याजवळच्या, थोड्या खालच्या जागी राहतात. पोक्त नर वर आणि वेगळे. अ बाद. क आणि ड मध्ये नरांच्या टोळ्या. इ मध्ये जनावर नाही, पण माती उकरून केलेल्या अंडाकृती बैठका (नराच्या बसायच्या जागा) आणि ताज्या लेंड्या आहेत, म्हणून ते ठेवलं.

रिकामे तासही लिहायचे: ५.४० ते ८.१०, वारा कुठून, काही नाही. हे लिहिलं नाही तर महिन्याअखेर वहीत फक्त चांगल्या जागा उरतात आणि त्या किती बसल्यावर चांगल्या ठरल्या ते कळत नाही.

ऑगस्ट: बैठक आणि वारा

खरी टेहळणी या महिन्यात. नर सापडला हे लिहून काही साधत नाही. तो दहा वाजता कुठे बसला, का बसला आणि तिथे वारा कसा होता हे हवं.

दिवसाचा साधारण क्रम असा. सूर्योदयानंतर दीड-दोन तासांत चरणं संपतं आणि नर रवंथाला बसतो. ही पहिली बैठक तात्पुरती. ऊन सरकतं, सावली निघून जाते, आणि दहा ते बाराच्या मधे कधीतरी तो उठतो, आळस देतो, दहा-पंधरा मिनिटं चरतो आणि हलतो. ती दुसरी बैठक जास्त टिकते. पहिल्या बैठकीवर चाल करून जाणारा पोहोचतो तेव्हा तिथे फक्त दबलेली माती असते, आणि नर चाळीस मीटरवरून त्याच्याकडे बघत असतो. कडा, लाव्ह्याची भिंत किंवा खुरटा स्प्रूस जी सावली टाकतो ती ११ वाजता आणि २ वाजता कुठे पडते हे रेखाटून ठेवलं की दुसऱ्या बैठकीच्या दोन-तीनच शक्य जागा उरतात.

आता वारा. रात्री थंड हवा जड होऊन नाळेतून खाली वाहते. उतार तापला की ती वर चढते. संध्याकाळी पुन्हा खाली. नर उताराच्या वरच्या तिसऱ्या भागात पाठीला कडा घेऊन बसतो: खालचं डोळ्यांना दिसतं, चढता वारा खालचा वास आणून देतो. पाठीमागची बाजू तेवढी उघडी, म्हणूनच चाल वरून.

नुसतं 'सकाळी खाली, दुपारी वर' पाठ करून भागत नाही. पूर्वेचा उतार आधी तापतो, पण दुपारी आधी सावलीतही जातो. तिथला वारा तीनच्या सुमारास खाली वळलेला असू शकतो, तेव्हा समोरच्या पश्चिम उतारावर तो अजून चढताच असतो. ढगाची सावली पडली तरी पाच मिनिटांत वारा घोळ घालतो. आणि धारेवरून जोराचा वारा वाहत असेल तर आडोशाच्या बाजूला तो उलटा फिरतो: माथ्यावर पश्चिमेचा, वीस मीटर खाली पूर्वेचा.

वारा बघायला उडवायच्या पावडरची बाटली हाताजवळचा वारा सांगते, पुढचा नाही. त्यासाठी मिल्कवीडच्या म्हाताऱ्या उत्तम. आपल्या रुईच्याच कुळातलं झाड, तसाच रेशमी कापूस. एक सोडली की पन्नास-साठ मीटरपर्यंत डोळ्यांनी माग काढता येतो, आणि ती कुठे वळली, कुठे उठली, कुठे गिरकी घेतली ते सरळ नकाशावर बाण काढून उतरवता येतं. प्रत्येक बैठकीच्या वरून सकाळी ७, ११, २ आणि ५ वाजता, निदान तीन वेगळ्या दिवशी. नर तिथे नसताना, अर्थात.

या नोंदींनी क बाद केलं. नर भरपूर, पण दुपारच्या बैठकीच्या वरची घळ अशी वळलेली की अकरानंतर म्हातारी दर वेळी गिरकी घेऊन थेट बैठकीवर उतरते. नर दिसतात म्हणून अशा खोऱ्याचा मोह सुटत नाही, आणि हंगामभर माणूस वास देत बसतो.

दुपारी वीज. या डोंगरांत जुलै-ऑगस्टमध्ये वादळं जवळजवळ रोज चढतात. बारापर्यंत धार सोडलेली बरी. पाऊस थांबल्यावरचा तास मात्र सोन्याचा, बसलेले नर चरायला उठतात.

मखमल उतरते तेव्हा

ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, दिवस लहान होत जातात तसं शिंग टणक होतं आणि मखमल झुडपांवर घासून निघते. एका नराला याला एक-दोन दिवस लागतात. त्यानंतर त्याला झाडीची भीती उरत नाही, टोळी सैल होते, उजेडातलं चरणं आखडतं. इथे बरेच जण नकाशाच बदलतात आणि दुसरं खोरं धरतात. तो सहसा डोंगर सोडून गेलेला नसतो. चाऱ्याच्या त्याच पट्ट्याखालच्या स्प्रूसच्या कडेत, बहुतेक उत्तरेच्या बाजूला सरकलेला असतो आणि पहिल्या व शेवटच्या वीस मिनिटांतच बाहेर दिसतो. ड साठी टेहळणीची जागा त्याप्रमाणे दोनशे मीटर खाली आणली आहे. इ मधल्या उकरलेल्या बैठकांचा उलगडाही इथे होतो: त्या झाडीच्या कडेच्या आहेत, मोकळ्या उताराच्या नाहीत.

सप्टेंबर: चाल

निघण्याआधी फोनने स्कोपमधून बैठकीचा फोटो, होकायंत्राचा कोन, आणि बैठकीच्या वरची एक व बाजूची एक, अशा दोन खुणा. वरून पोहोचल्यावर सगळे दगड सारखे दिसतात आणि 'तो पांढरा दगड' म्हणून लिहिलेले सहा पांढरे दगड समोर येतात.

शेवटच्या शंभर मीटरला बूट काढून जाड लोकरी मोजे; घसरत्या दगडांवर पाऊल आधी टाकायचं, वजन मागाहून. तासभर लागला तर लागू दे. उतारावर बाण वर जातो, कारण बाणाचा पल्ला आडव्या अंतराने ठरतो: ३० अंशांच्या उतारावर ४० मीटर मोजलं तर नेम ३५ मीटरचा. कोन जमेस धरणारा रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) हे स्वतः करतो, मात्र ती सेटिंग चालू आहे का ते घरी तपासा. नर बसलेला असेल तर तो आपोआप उठेपर्यंत थांबा. शीळ घालून उठवलेला नर आधीच पळायच्या तयारीत असतो.

महिन्याच्या मध्यात मझललोडरवाले (नळीच्या तोंडातून भरायच्या बंदुकीचे शिकारी) येतात आणि पायवाटांजवळची गणितं बदलतात. क च्या बाजूची वर्दळ ड मध्ये नर ढकलते का, यावर लक्ष.

मांसाचा हिशोब आधीच: पोक्त नराचं हाडं काढलेलं मांस ३० ते ४० किलो, संरक्षित रानात चाक असलेलं काहीच चालत नाही, म्हणजे एका माणसाला दोन फेऱ्या. नर-मादीचा पुरावा मांसाच्या एका तुकड्याला नैसर्गिकरीत्या चिकटलेला राहिला पाहिजे, सुरी चालवताना हे हमखास विसरतं. डोकं 'सीडब्ल्यूडी' (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांना झिजवणारा रोग) तपासणीला द्यायचं. हा प्रायॉनचा (बिघडलेल्या प्रथिनाचा) रोग पहिल्यांदा १९६७मध्ये कोलोरॅडोतल्याच बंदिस्त म्यूल डिअरमध्ये दिसला. शिजवून तो जात नाही, म्हणून निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये, वेगळ्या खुणेने.

खुल्या बाबी: ड च्या दुपारच्या बैठकीवर ५ वाजताच्या वाऱ्याचे दोनच दिवस झाले आहेत, तिसरा बाकी. इ ची पश्चिम नाळ वरून उतरते की मधे लाल रेघ आहे, ते सकाळच्या तिरप्या उन्हात समोरून पाहायचं आहे.