शिरपेच आणि शिरपाव

‘शिरपेचात मानाचा तुरा खोवला’ हे वाक्य वर्तमानपत्रात दर आठवड्याला भेटते, आणि दर वेळी मला वाटते की लिहिणाऱ्याने शिरपेच पाहिला आहे का? शिरपेच हा पगडीच्या पुढच्या बाजूस बांधायचा रत्नजडित दागिना. तुरा, कलगी आणि मोत्यांच्या लडी त्याच्या जोडीला येतात. पैसा असला तरी दरबारात हे स्वतःहून मिरवण्याची सोय नव्हती, कारण त्यातला मान ते कोणी दिले यावर ठरत असे.

‘शिरपाव’ हा शब्द हेच सांगतो. मूळ फारसी ‘सरोपा’, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख. मोगल बादशहा तो देई तेव्हा घेणाऱ्याला वस्त्रांबरोबर दर्जाही मिळे आणि ताबेदारीही. म्हणूनच १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात शहजाद्यांना, वजीर जाफरखानाला आणि जसवंतसिंहाला खिलत, म्हणजे असाच मानाचा पोशाख, मिळाली आणि आपल्याला वगळले, हे पाहून शिवाजी महाराज संतापले. नंतर देऊ केलेली खिलत त्यांनी अंगावर घालायलाही नकार दिला. माझ्या मते त्या दिवशीचा खरा बंडाचा क्षण हाच होता. पुढे १६७४ मध्ये रायगडावर त्यांनी धारण केलेले पद छत्रपतींचे होते; छत्र डोक्यावर धरले जाते, ते कोणा वरिष्ठाच्या हातून डोक्याला बांधून घ्यावे लागत नाही.

यानंतर देणारा हात साताऱ्याचा झाला. पेशवाईची वस्त्रे छत्रपतींकडूनच येत, सत्ता पुण्यात एकवटल्यावरसुद्धा. १७७४ मध्ये पुरंदरावर सवाई माधवरावांना ती मिळाली तेव्हा ते जेमतेम चाळीस दिवसांचे होते. मान सावरत नव्हती, पण पेशवेपदाचा मान त्यांना मिळाला होता.

१७९२ मध्ये तर गंमतच झाली. महादजी शिंदे दिल्लीहून पेशव्यांसाठी वकील-इ-मुत्लकीची, म्हणजे बादशहाच्या सर्वाधिकारी प्रतिनिधीपदाची, सनद आणि बादशाही खिलत घेऊन पुण्यात आले. देणारा बादशहा शाह आलम तेव्हा डोळे गमावून शिंद्यांच्याच आधाराने तख्तावर बसलेला होता. तरीही समारंभ थाटात झाला, आणि त्याआधी साताऱ्याच्या महाराजांची परवानगीही रीतसर मागवण्यात आली.