तुम्ही विचारलंत म्हणून : सिद्धेश्वर सोडून पोस्टमनचा महाल का?

"घराजवळ सिद्धेश्वराचे मंदिर असताना फ्रान्समधल्या कुण्या पोस्टमनचा महाल कशाला विणता?" मी टॅपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर टांगायची चित्रे, मागावर विणते आणि हा प्रश्न सोलापुरात मला इतक्यांनी विचारला आहे, की एकदा सविस्तर उत्तर देणे बरे.

तो पोस्टमन म्हणजे फेर्दिनां शेव्हाल. रोज सुमारे ३० किलोमीटर पायपीट करून टपाल वाटणारा हा माणूस १८७९ मध्ये वाटेतल्या एका दगडाला अडखळला. त्या दगडाचा आकार त्याला आवडला आणि तिथून पुढे १९१२ पर्यंत, वास्तुकलेचे कोणतेही शिक्षण नसताना, त्याने वेचलेल्या दगडांचा महाल एकट्याने उभारला. दहा हजार दिवस, ९३ हजार तास, ३३ वर्षे, असा हिशेबही त्याने भिंतीवर कोरून ठेवला आहे.

टॅपेस्ट्री विणणाऱ्याला हा माणूस आपल्यातला वाटतो. आमच्या चादरीवरची नक्षी जेकार्ड या नक्षी विणायच्या यंत्राच्या पुठ्ठ्यांत आधीच छिद्रे पाडून ठरलेली असते. (ते यंत्र फ्रान्समधल्या ल्यों शहराचे आणि शेव्हालचे गाव तिथून फार दूर नाही, याची मला गंमत वाटते.) टॅपेस्ट्रीत मात्र बाणा, म्हणजे आडवा धागा, या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही, प्रत्येक रंगाची कांडी (धागा गुंडाळलेली काडी) आपल्यापुरत्या ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून, फिरून मागे वळते आणि चित्र गवंडीकामासारखे खालून वर, थरावर थर चढते. खालचा थर चुकला तर वरचे सगळे उसवावे लागते.

लॉस एंजेलिसमध्ये सायमन रोडियाने १९२१ ते १९५४ या काळात लोखंड, सिमेंट आणि फुटक्या फरशा-बाटल्यांचे जे मनोरे उभारले, त्यांनी मला खरे शिकवले. दोन रंग उभ्या रेषेत भेटले की टॅपेस्ट्रीत फट राहते. माझा पहिला मनोरा मी उभाच विणला आणि भिंतीवर टांगताच तो दोन्ही कडांनी उघडू लागला. तो सुईने शिवण्यात माझा अख्खा आठवडा गेला. आता मी चित्र आडवे करून विणते. मनोऱ्याच्या उभ्या कडा मागावर आडव्या येतात, म्हणून फट पडत नाही. त्याच्याभोवतीची आडवी गोल कडी उभी येतात खरी, पण दोन रंगांचे धागे आळीपाळीने टाकले की बारीक उभ्या रेघा आपोआप उमटतात. खुद्द रोडियाचे मनोरे पाडायला निघालेल्या नगरपालिकेसमोर १९५९ मध्ये साडेचार हजार किलोंच्या ताणाची परीक्षा झाली, तेव्हा ते जागचे हलले नव्हते. माझ्याविषयी तसे म्हणवत नाही.

राहिला मंदिराचा प्रश्न. भारतात कधीही न आलेल्या शेव्हालने आपल्या महालाच्या पश्चिम बाजूला एक हिंदू मंदिरही बांधले आहे. सध्या माझ्या मागावर तेच आहे, आणि सूत चादरीच्या कारखान्यातून किलोवर आणलेले उरलेसुरले असल्यामुळे त्याच्या एकाच भिंतीत तीन निरनिराळे लाल आले आहेत.